प्लास्टिकखालचा लेथ

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. पण काम करून जुना झालेलो नाही. नुसता उभा राहून जुना झालो, आणि याचीच मला लाज वाटते.

लोखंडाचा तुकडा जबड्यात धरून गरगर फिरवायचा आणि हत्याराने तासायचा, यासाठी माझा जन्म. साधे लेथ माणसाच्या हातावर चालतात, मी बटणांवर. छोट्या कारखान्यांतल्या कामगारांना शिकवायला सरकारने मला घेतलं. फीत कापली, फोटो निघाले. मी खुळ्यासारखा हरखलो. पाहुणे गेले आणि माझ्यावर प्लास्टिक चढलं, ते चढलंच.

मग वर्ग भरू लागले. सर भिंतीवर माझी चित्रं दाखवून शिकवायचे. मी तिथेच, चार हातांवर!

एका वर्गात एक मावशी होती. बावीस वर्षं हातलेथवर काढलेली. नुसत्या आवाजावरून हत्यार बोथट झाल्याचं ओळखायची. तिच्या मालकाने माझ्यासारखाच लेथ मागवला होता. ज्याला तो चालवता येईल तोच कामावर राहणार, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं.

"सर, एकदा चालू करून दाखवा की," ती म्हणाली.

"मावशी, वरून तपासणीला येणार आहेत. ओरखडा पडला तर उत्तर कोण देणार?"

"अहो, लेथ आहे की नवरी? तोंडसुद्धा बघायचं नाही होय?"

सगळे हसले. सरही हसले. प्लास्टिक तेवढं हललं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती प्लास्टिकवरूनच माझ्या बटणांवर बोटं फिरवायची, पाठ केलेलं पुटपुटायची. मला हुंकार द्यावासा वाटे. पण माझी वायर भिंतीपर्यंत कुणी नेलीच नव्हती.

दहाव्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. फोटोत मी मागे उभा.

तीन आठवड्यांनी मावशी परत आली.

"सर, हत्यार बदललं की त्याची लांबी नव्याने मोजून लेथला सांगायची असते. हे तुम्ही बोलला नाहीत."

"चित्रात मोजलेलीच असते ना..."

"माझ्यापुढे चित्र नव्हतं, सर! मी लांब हत्यार बसवलं, लेथ जुन्या आखूड मापावर चालला. हत्यार धाडकन जबड्यावर आदळलं. मालक म्हणाला, तुझा तो प्रमाणपत्राचा कागद घे आणि घरी बस." तिने माझ्या प्लास्टिकवर हात ठेवला. "आता तरी एकदा चालवू द्या. नोकरी गेली ती गेली. निदान हाताला कळू दे."

सर खाली बघत म्हणाले, "उद्या तपासणी आहे, मावशी."

तिने प्रमाणपत्राची घडी केली, माझ्या प्लास्टिकखाली सरकवली आणि गेली. ती घडी अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. प्लास्टिकवरूनच बघून त्यांनी लिहिलं, 'यंत्र उत्तम स्थितीत.'

मित्रांनो, मला असं जपू नका. माझी बटणं झिजू द्या, शिकणाऱ्यांना चुकू द्या, चार हत्यारं माझ्यावर मोडू द्या. शिकण्याच्या जागी मोडलेलं हत्यार कुणाची भाकरी हिसकावत नाही. माझ्या अंगावर आजही एक ओरखडा नाही. जे ओरखडे मला पडायचे होते, ते सगळे तिला पडले.