ढगसाहेब ऐकून घेतात

आमच्या तुकडीतल्या एका फौजदाराला सगळे ढगसाहेब म्हणत. ते नुसतं "कोण आहे रे?" म्हणाले, की भिंतीवरची पाल शेपूट टाकून शरण यायची. खोटं वाटत असेल तर शेपटीला विचारा.

त्यांना स्वतःचं ठाणं हवं होतं. त्यासाठी अधिकाऱ्यांचा नेतृत्वाचा वर्ग पास होणं भाग होतं. नाहीतर परत बायकोच्या धाकट्या भावाच्या हाताखाली! तो ठाण्यात "दाजी" म्हणायचा आणि मग फायली आणायला पिटाळायचा.

वर्ग घेणाऱ्या बाई काडीसारख्या बारीक. शेवटच्या परीक्षेला म्हणाल्या, "मी तुमची हवालदार. अडचण सांगेन, तुम्ही ऐकून घ्यायचं. साहेब, रजा हवी. आईचं ऑपरेशन आहे."

"कुठला दवाखाना? डॉक्टर कोण? आई सख्खी का?"

वर्ग खो खो हसला.

"उलटतपासणी नको, साहेब. आता शेवटची संधी."

ढगसाहेबांनी ओठ मिटले, खुर्ची पुढे ओढली आणि बाईंवर नजर रोखली. संशयित फुटेपर्यंत गप्प बसायचं, ऐकून घेणं म्हणजे त्यांना जन्मभर एवढंच ठाऊक होतं.

"साहेब, रजा..." बाई अडखळल्या. "पुढच्या महिन्यात दिलीत तरी चालेल." ढगसाहेबांची नजर हलेना. "शाळेत मैत्रिणीची छत्री मीच लपवली होती!"

मागच्या बाकावरून एक अधिकारी हात वर करून उठला. "बाई, तुमच्या गाडीला पोचा मी पाडला!" दुसऱ्याने तर बायकोचा वाढदिवस विसरल्याचाही गुन्हा कबूल केला.

ढगसाहेबांना दरदरून घाम फुटला. "अहो, थांबा! मी दम देत नव्हतो, ऐकतच होतो. मला एवढंच येतं. काय करू, तुम्हीच सांगा ना!"

"आधी जरा मागे सरका, साहेब."

ते सरकले. बाईंना पाण्याचा ग्लास दिला. मग हळूच विचारलं, "आईजवळ आत्ता कोण आहे?"

"कोणी नाही, साहेब."

"मग इथं काय उभी राहिलीस? नीघ. तुझ्या ड्युटीचं मी बघतो."

बाई पर्स उचलून निघाल्यासुद्धा! थेट फाटकापाशी गेल्यावर त्यांना आठवलं, की ऑपरेशन सरावापुरतंच होतं. तिथूनच ओरडल्या, "पास, साहेब, पास!"

ढगसाहेबांनी लगेच घरी फोन लावला. "अगं, तुझ्या भावाला म्हणावं, आता फायली स्वतः उचल!"

आवाज एवढा चढला होता, की फोन लावला नसता तरी मेहुण्याला ऐकू गेलं असतं.