कानामागचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची वाटी आहे. खाण्यापिण्याची नव्हे, केसांचा रंग कालवायची. एकेकाळी मी पांढरीशुभ्र होते, हे आज शपथेवर सांगितले तरी कोणी मानणार नाही.

गरम साच्यातून बाहेर पडून मी दुकानात आले आणि तिथून एका पार्लरवाल्या बाईंनी मला उचलले. त्यांचे पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. एक खुर्ची, एक आरसा, एक बेसिन आणि मागे स्वयंपाकघरात उघडणारे दार. घरात त्या सूनबाई होत्या, म्हणून मीही त्यांना सूनबाईच म्हणते. स्टीलची भांडी घरात ढीगभर होती, पण धातूच्या भांड्यात हा रंग कालवत नाहीत. त्यामुळे तो मान माझा, आणि मी त्या चकचकीत मंडळींपुढे जरा तोऱ्यातच असे.

सूनबाईंचा एक नियम होता. नवे गिऱ्हाईक आले की आधी कानामागे रंगाचा ठिपका लावायचा आणि दोन दिवसांनी बोलवायचे. केस काळेभोर करणारे रसायन एखाद्याच्या अंगाला अजिबात मानवत नाही, आणि कोणाला मानवणार नाही हे कपाळावर लिहिलेले नसते. बायका नाके मुरडत, काही तर परत फिरकत नसत. सूनबाई मात्र बधत नसत. मला त्यांचा फार अभिमान वाटे.

पण मित्रांनो, बाहेरच्यांशी वाघ असणारी माणसे घरच्यांपुढे मांजर होतात.

त्यांच्या सासूबाई शाळेत शिकवत. निवृत्तीच्या दिवशी सकाळीच त्या खुर्चीत येऊन बसल्या.

"चार वाजता निरोपाचा कार्यक्रम आहे, आणि ही बघ भांगात पांढरी रेघ. लाव पटकन."

"आई, आधी कानामागे लावून बघू या. पूर्ण परवा लावते."

"परवा काय रिकाम्या वर्गात मिरवू? आणि मी काय तुझं गिऱ्हाईक आहे?"

सूनबाईंनी माझ्यात रंग कालवला. पहिला ब्रश केसांवर फिरला आणि सासूबाई सहज बोलून गेल्या, "अगं, मी पाकिटातला रंग घरी लावतेच की. थोडी खाज सुटते, एवढंच. खाज सुटली म्हणजे रंग चढतोय."

ब्रश हवेत थांबला. थांबा, सूनबाई, आता तरी थांबा! पण मला तोंड कुठे आहे? सासूबाईंनी आरशातून भुवया उंचावल्या आणि ब्रश पुन्हा चालू लागला.

डोके धुऊन झाले. रंग अगदी सुरेख बसला होता. सासूबाई आरशात बघून खूश झाल्या, फक्त कपाळ खाजवत होत्या. जेवणानंतर त्या साडी नेसून बाहेर आल्या तेव्हा कपाळ लाललाल होते आणि चेहरा फुगला होता. सूनबाई कंगवा टाकून जवळ धावल्या.

"आई, डोळे उघडा."

"उघडेच आहेत ना," त्या म्हणाल्या. पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या, आणि त्यांना ते कळतही नव्हते. मग आवाज घोगरा झाला. "घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय गं..."

सूनबाई धावत रस्त्यावर गेल्या. समोरच्या भाजीवाल्या काकांनी टेम्पोतल्या टोपल्या तशाच फुटपाथवर उतरवल्या, दोघांनी मिळून सासूबाईंना वर चढवले आणि टेम्पो दवाखान्याकडे सुटला. मी बेसिनमध्ये पडून राहिले. तळाशी उरलेला रंग वाळत होता. चार वाजून गेल्यावर आतल्या खोलीतला फोन वाजू लागला. थांबे, पुन्हा वाजे. शाळेतली मंडळी वाट पाहत असणार. घरात उचलायला कोणीच नव्हते. त्या दुपारी मला स्वतःचीच किळस आली.

सासूबाई वाचल्या. अनेक दिवसांनी घरी आल्या तेव्हा चेहऱ्याची सालपटे निघत होती. आणखी उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता, असे डॉक्टरांनी बजावले होते. हा रंग आता जन्मात लावायचा नाही, हेही सांगितले होते. सासूबाई सुनेला म्हणाल्या, "मी तुला गप्प बसवलं, हे खरंय. पण तू बसायला नको होतंस गं." सूनबाई त्यांच्या मांडीवर डोके ठेवून ओक्साबोक्शी रडल्या.

पार्लर कितीतरी दिवस बंद होते. मी फळीवर धूळ खात पडले. मला वाटले, संपले आपले. मग एक दिवस दार उघडले, सूनबाईंनी मला घासून धुतले, आणि नेहमीच्या एक मावशी खुर्चीत बसल्या. ठिपक्याचे नाव काढताच त्या रुसल्या. "इतकी वर्षं येते, आता मला कसली परीक्षा? मी तर घरचीच!"

"घरच्या आहात, म्हणूनच," सूनबाई म्हणाल्या आणि त्यांचे केस कानामागून बाजूला केले.

मित्रांनो, मी काही रंगाची वैरीण नाही. माझे सारे आयुष्य त्यातच गेले. पण तुमच्या घरी कोणी रंगाचे पाकीट फोडले की आधी विचारा, कानामागे लावून पाहिलात का? मागे कधी खाज सुटली होती का? आई चिडेल, "मोठा आला शहाणा" म्हणेल. चिडू द्या. चिडलेल्या आईचा आवाज घरभर ऐकू येतो, आणि तो ऐकू येणे फार चांगले असते.