पल्लवीचा बंधारा

पुरात वैशालीने बांधलेला चांदनी गावाजवळचा बंधारा गेला. नाल्याने काठाची काळी माती पोखरली, बाजूने नवी वाट काढली आणि भिंत तेवढी कोरड्यात उभी राहिली. त्याच पावसात देडतलाईजवळचा पल्लवीचा बंधारा जागचा हललासुद्धा नाही.

दोघी इंजिनीअरिंगला एका वर्गात होत्या आणि आता बुऱ्हाणपूरच्या एकाच कार्यालयात समोरासमोर बसत. त्या आठवड्यात जो तो पल्लवीच्या टेबलाशी येऊन अभिनंदन करी आणि वैशालीकडे लक्ष गेलं की आवाज खाली घेई. ते अभिनंदनापेक्षा जास्त झोंबायचं. त्यात साहेबांनी पल्लवीच्या बंधाऱ्याची तपासणी वैशालीवरच सोपवली.

बंधाऱ्यावर सरुबाई वाट बघत होती. नाल्यालगत तिची केळी होती, आणि पावसाळा संपल्यावर लाकडी पाट्या टाकून पाणी अडवायचं काम तिच्याच गटाकडे होतं.

"पल्लवी मॅडमनी एकदम पक्कं काम केलं," ती म्हणाली. "आमची एक केळ पडली नाही. उद्या पाट्या टाकतो."

 वैशालीने भिंत पाहिली, एक भेग नव्हती. भिंतीची टोकं काठात किती आत गेलीत ते पाहिलं. स्वतःच्या बंधाऱ्याला तिने नेमकी तीच लांबी कमी धरली होती.  मग ती खाली उतरली. भिंतीवरून पडणारं पाणी जिच्यावर आदळतं त्या काँक्रीटच्या फरशीच्या कडेशी तिने लोखंडी पहार खुपसली. पहार सहज आत गेली, आणखी दाबली तर आणखी आत गेली. फरशीखालची वाळू पुराने वाहून नेली होती आणि आत पोकळी झाली होती.

तिला इतकं बरं वाटलं, की तिने तिथेच एका दगडावर बसून सरुबाईकडे चहा मागितला.

चहा पिताना मात्र तिच्या लक्षात आलं, की उद्या पाणी अडवलं तर ते त्या पोकळीतून वाट काढणार आणि भिंत खचणार. खाली सरुबाईची केळी होती.

"पाट्या टाकू नका," ती म्हणाली.

"का बरं? पल्लवी मॅडमले विचारलं का?"

त्या नावाने तिचा चहा कडू झाला. तिने सरुबाईसमोरच फोन लावला. पल्लवीचा आवाज पडलेला तिला ऐकायचा होता.

"फरशीखाली पोकळ आहे," वैशाली म्हणाली.

"पहार किती आत गेली?"

"जवळजवळ अर्धी."

"मला तीच शंका होती," पल्लवी म्हणाली. "ऑफिसमधले दोघं येऊन बघून गेले, एकदम मस्त म्हणाले. म्हणून साहेबांना तुझं नाव मी सुचवलं."

"माझंच का?"

"माझ्या कामात काही सापडल्याशिवाय तू परत येणार नाहीस म्हणून."

वैशालीने सरुबाईकडे पाठ केली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"कॉलेजपासून. पाट्या थांबव, मी दगड आणि काँक्रीटचं बघते."

अहवालात वैशालीला काहीही लिहिता आलं असतं. 'पाया सदोष' हे दोन शब्द पुरले असते. तिने ते लिहून पाहिले आणि खोडले. मग जे होतं ते लिहिलं: रचना चांगली, काठातली टोकं पुरेशी खोल, फरशीखाली दगड भरून घ्यावेत, तोवर पाणी अडवू नये.

दुरुस्ती होईपर्यंत नाल्याचं बरंचसं पाणी वाहून गेलं. पाट्या उशिरा पडल्या, पाणी निम्मंच साठलं. सरुबाई कुरकुरली, पण बंधारा टिकला. बैठकीत साहेबांनी कौतुक केलं ते पल्लवीचं, स्वतःच्या कामाची कडक तपासणी मागून घेतल्याबद्दल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीनेही वाजवल्या, आणि हे आपल्याला का सुचलं नाही याचा तिला दिवसभर राग येत राहिला.