दळवीचं कोपर

डाल्टन रीस ह्यूस्टनला येणार नव्हता. ही गोष्ट गावाबाहेरच्या शुगर लँड उपनगरातल्या प्रताप साठ्यांच्या घरात त्या संध्याकाळी फक्त एका माणसाला ठाऊक होती, आणि त्या माणसाच्या हातात पेढा होता.

तो माणूस म्हणजे प्रतापची बायको, डॉक्टर सुलेखा. बाकी सगळ्या घरात नुसता धुडगूस चालला होता. प्रतापने ऑफिस सुटल्यावर उलट्या दिशेला हिलक्रॉफ्टच्या देशी दुकानांपर्यंत गाडी हाकून पाच पौंड पेढे आणले होते. एकसष्ट वर्षांचा, तेलाच्या पाइपलाइनींवर आयुष्य काढलेला हा इंजिनियर मुलगी झाली तेव्हाही इतका नाचला नव्हता. मुलगी झाली तेव्हा त्याने बर्फी आणली होती, तीही एक पौंड.

बातमी अशी होती की ह्यूस्टन हेरन्स आपली तीन तरणी पोरं दुसऱ्या टीमला देऊन त्या बदल्यात डाल्टन रीसला घेणार. हेरन म्हणजे बगळा, म्हणून आपली मंडळी त्या टीमला सरळ बगळेच म्हणायची आणि त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव होतं बगळे मंडळ. रीस हा बेसबॉलचा पिचर. ताशी नव्याण्णव मैलांनी बॉल टाकायचा आणि समोरचा बॅटवाला वारा घालून घरी जायचा. मंडळाने त्याचं बारसंही उरकलं होतं: डाल्टनचा दळवी.

"दळवी आला म्हणजे वर्ल्ड सिरीज आपलीच रे!" राजीव म्हणाला. हा मुंबईचा. खेळ कुठलाही असो, हरण्याआधीच कोणाला शिव्या द्यायच्या ते त्याचं ठरलेलं असे. त्याची बायको शैलजा त्याच्याहून कडवी. "तीन पोरं देऊन एक जावई मिळतोय. घाट्याचा सौदा नाही," ती म्हणाली. नागपूरचा सिद्धेश मंडळात सगळ्यात लहान, व्हिसावर आलेला आयटीवाला. त्याने सकाळीच पाठीवर रीसचं नाव छापलेली जर्सी ऑर्डर केली होती.

प्लेनोला राहणाऱ्या मोनाने, म्हणजे प्रतापच्या मुलीने, आदल्या रात्रीच मेसेज टाकला होता: "डॅड, इट सेज पेंडिंग फिजिकल. रीड द होल थिंग." म्हणजे आधी डॉक्टरी तपासणी, मग सौदा. पण पूर्ण बातमी वाचण्याचं काम प्रतापने कधी केलंय? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

ती डॉक्टरी तपासणी त्याच दिवशी सकाळी झाली होती. आणि कोपराची एमआरआय सुलेखापुढे आली होती.

सुलेखा बावीस वर्षं मेडिकल सेंटरमध्ये हाडांच्या आणि सांध्यांच्या फिल्म्स वाचत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या ग्रुपला बगळ्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, तेव्हा गुप्ततेच्या कागदावर तिने सही केली आणि घरी अवाक्षर काढलं नाही. कागद नसता तरी तिने काढलं नसतं. पेशंटची गोष्ट पेशंटची. शिवाय प्रतापला गुपित सांगणं म्हणजे महाराष्ट्र मंडळाच्या स्पीकरवरून सांगण्यासारखंच.

तिची एक सवय होती. आधी फिल्म वाचायची, नाव नंतर बघायचं. पुण्याला शिकताना सरांनी लावलेली ही शिस्त. त्या सकाळी तिने बघितलं ते असं: उजवं कोपर, वय एकतीस, आतल्या बाजूचा लिगामेंट जुन्या परकराच्या नाडीसारखा विरत आलेला. कधी तुटेल ते सांगता येणार नाही, पण तुटणार. चार ओळी तिने लिहिल्या. मग वर नाव बघितलं. उठून पाणी प्यायली, परत बसून त्या चार ओळी वाचल्या, त्यातला एकही शब्द बदलला नाही आणि रिपोर्ट पाठवून दिला.

आणि आता नवरा समोर पेढा धरून उभा. "आ कर!"

तिने आ केला. अर्धा पेढा कसाबसा गिळला आणि उरलेला बशीच्या कडेला ठेवून दिला.

"काय गं, आवडला नाही?"

"पोट भरलंय," ती म्हणाली. दुपारपासून तिच्या पोटात कपभर चहाशिवाय काही गेलेलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी पाचला सौद्यांची मुदत संपायची होती. पावणेचारलाच बातमी फुटली: तपासणीत काहीतरी निघालं, सौदा फिसकटला. मग मंडळावर जो शिमगा सुरू झाला तो विचारू नका. बगळ्यांच्या मालकाची सात पिढ्यांची विचारपूस झाली. मॅनेजरची झाली. शेवटी सगळ्यांचा मोहरा वळला तो पेढे वाटणाऱ्याकडे. शैलजाने ग्रुपचं नाव बदलून 'साठे पेढेवाले' केलं. ऑफिसातला एक तेलुगू सहकारी, ज्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यानेही प्रतापला थांबवून विचारलं, "स्वीट्स रिटर्न होतात का हो?" सिद्धेशची जर्सी मात्र रिटर्न होत नव्हती. नाव छापलेला माल परत घेत नाहीत.

शनिवारी सकाळी मंडळ सुतकाला बसावं तसं साठ्यांच्या डायनिंग टेबलाभोवती बसलं. बाहेर ऊन शंभर फॅरनहाइटच्या वर, हवा अशी दमट की चष्मा घालून दारात गेलं तर आंधळं व्हावं. सुलेखाने पोहे केले होते. दुःखात माणसं जास्त खातात हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने दुप्पट भिजवले.

"मला एक सांगा," राजीव तोंडातला घास न गिळताच म्हणाला, "तो डॉक्टर कोण? पाच मिनिटं फोटो बघतो आणि सांगतो, नको. अरे, दळवी या सीझनला बारा मॅचेस जिंकलाय!"

"आपल्या वैऱ्यांनी, त्या डॅलसवाल्यांनी पेरलेला असणार," शैलजा म्हणाली. "नाहीतर डिग्री विकत घेतलेली."

"काका, मी तर म्हणतो त्याला चष्मा लागला असेल अन् माहीतच नसेल," सिद्धेश म्हणाला. "एवढा हट्टाकट्टा माणूस, अन् म्हणे अनफिट!"

सुलेखा लिंबाच्या फोडी करत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आंधळा झाला, विकला गेलेला झाला, आता फक्त घोड्यांचा डॉक्टर म्हणायचं राहिलं होतं. आणि प्रत्येक वेळी 'तो'. बाई असू शकेल असं या दीडशहाण्यांच्या डोक्यातही येत नव्हतं, आणि याचा तिला शिव्यांपेक्षा जास्त राग येत होता.

"डॉक्टरला काहीतरी दिसलंच असेल ना," ती शेवटी म्हणाली. कोणीही डॉक्टर म्हणेल इतकंच.

"सुलेखा, तू मेडिसिनमध्ये ग्रेट आहेस गं," राजीव समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण स्पोर्ट्समधलं कोपर वेगळं असतं."

सुलेखाने सुरी खाली ठेवली. ती हातात न राहिलेलीच बरी होती.

एवढ्यात प्रतापने कागद काढला. प्रताप पुण्याचा, आणि अन्याय झाला की पत्र लिहायचं हा त्याचा बाणा. सोसायटीच्या स्प्रिंकलरबद्दल त्याने पत्र लिहिलं होतं, दुकानातल्या आंबट श्रीखंडाबद्दलही लिहिलं होतं. हे पत्र बगळ्यांच्या मालकाला होतं आणि त्यात सात मुद्दे होते. सहावा मुद्दा त्याने उभं राहून वाचला: संबंधित डॉक्टरचं नाव जाहीर करावं आणि त्याची दृष्टी तपासून घ्यावी. मंडळाने टाळ्या वाजवल्या.

"आता असं आहे," प्रताप म्हणाला, "आपण पडलो इंजिनियर आणि आयटीवाले. हे लोक म्हणतील, तुम्हाला काय कळतं? म्हणून खाली एका डॉक्टरची सही पाहिजे. मग पत्राला वेट येईल." आणि त्याने पेन सुलेखापुढे धरलं. "कर गं."

दोन दिवस सगळ्या गावाने याची टर उडवली होती, आणि आता कुठे त्याचा चेहरा जरा उजळला होता. सही केली तर स्वतःच्याच रिपोर्टला खोटं म्हटल्यासारखं. खरं सांगितलं तर कॉन्ट्रॅक्ट गेलं, नाव गेलं, आणि तोंड उघडणारी डॉक्टर म्हणून उरलेलं आयुष्य. नाही म्हटलं तर पेढेवाल्याला त्याच्या बायकोनेच चारचौघांत तोंडघशी पाडलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला त्याची दया आली, रागही आला, आणि थोडं रडूही आलं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"अगं, एक सही! का नाही?"

"नाही करणार."

"पण कारण काय?"

"कारण नाही सांगणार."

राजीवने भुवया उंचावल्या. शैलजा पोह्यांतले शेंगदाणे वेचू लागली. प्रताप काही बोलणार तेवढ्यात थांबला.

एकतीस वर्षांच्या संसारात सुलेखाने त्याला हजारदा नाही म्हटलं होतं, पण कारणाशिवाय एकदाही नाही. भेंडी नको म्हणायलासुद्धा ती तीन कारणं द्यायची आणि चौथं राखून ठेवायची. प्रतापने बायकोकडे बघितलं. मग ओट्यावरच्या पेढ्यांच्या खोक्याकडे बघितलं. मग पुन्हा बायकोकडे. पाइपलाइनमध्ये दाब कुठे कमी होतोय हे शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला एवढं शोधायला अर्धं मिनिट लागलं. सुलेखाला त्याच्या चेहऱ्यावर ते उमटताना दिसलं. आता हा बोलणार. हा कधी गप्प बसलाय?

प्रतापने पत्र उचललं, चौघडी केली आणि खिशात घातलं.

"पत्र कॅन्सल," तो म्हणाला.

"काय?" तिघंही एकदम ओरडले.

"डॉक्टरला जे दिसलं ते डॉक्टरने लिहिलं. आपल्यापैकी कोणी फिल्म बघितली आहे का? नाही ना? मग पोहे खा."

"हात्तिच्या! बायकोने डोळे वटारले आणि साहेबांची विकेट पडली," राजीव म्हणाला.

"हो. घाबरतो मी तिला," प्रताप म्हणाला. "तू शैलजाला घाबरत नाहीस की काय?"

यावर शैलजाने राजीवकडे असं बघितलं की विषय तिथेच मिटला. पण जाताना सगळ्यांनी प्रतापला सोडलं नाही. फितूर म्हणाले, बाईलवेडा म्हणाले, सिद्धेशने तर दारात बूट घालता घालता जर्सीचे पैसे तुम्हीच द्या काका, असंही सुनावलं. प्रतापने सगळं ऐकून घेतलं. ज्या माणसाने आंबट श्रीखंडावर तीन पानं लिहिली त्याने एका शब्दाने उत्तर दिलं नाही.

दार लागल्यावर सुलेखा म्हणाली, "प्रताप, ऐक."

"मी काही विचारलेलं नाही," तो म्हणाला, आणि भांडी डिशवॉशरमध्ये लावायला घेतली. ती नेहमीसारखीच चुकीची लावली.

रविवारी दुपारी टीव्हीवर मॅच होती. बगळ्यांची नव्हे, दळवीची. सौदा मोडला म्हणून तो आपल्या जुन्याच टीमकडून खेळत होता. आणि काय खेळत होता! अकरा जणांना त्याने बॅट नुसती हवेत फिरवायला लावून परत पाठवलं. नव्याण्णव मैल, पुन्हा नव्याण्णव मैल. शेवटी टोपी काढून त्याने लोकांना नमस्कार केला, तोही उजव्या हाताने.

प्रतापचा फोन टेबलावर भुंग्यासारखा गुणगुणत होता. मंडळावर मेसेजेसचा पूर आला होता. अनफिट म्हणे! कुठाय तो आंधळा डॉक्टर? पेढेवाले, बघताय ना?

सुलेखा सोफ्याच्या कोपऱ्यात बसून त्या कोपराकडे बघत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःच्या डोळ्यांची खात्री वाटेना. चार ओळी लिहिल्या आपण. तीन पोरांची गावं बदलायची राहिली, एका माणसावर खोट्या मालाचा शिक्का बसला. चुकलो तर नाही? ती फिल्म तिला आता डोळे मिटूनही दिसत होती, आणि दिसून उपयोग नव्हता, कारण कोणाला दाखवायची सोय नव्हती.

प्रतापने फोन उचलला, एकही मेसेज न वाचता पालथा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेला. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. परत आला तो पेढ्यांचं खोकं घेऊन. तिच्यासमोर धरून तो म्हणाला, "घे. बुधवारी अर्धाच खाल्ला होतास."

टीव्हीवर लोक अजून दळवीच्या नावाने ओरडत होते.

"हा कशाबद्दल?" सुलेखाने विचारलं.

"दळवी आला नाही त्याबद्दल," प्रताप म्हणाला.

सुलेखाने पेढा घेतला आणि अख्खा तोंडात टाकला.