चुलीवरची फरशी

"बंद कर बे ते मशीन!"

नवा ओटा बांधायला आलेल्या सत्यमनं भिंत फोडायचं मशीन खाली ठेवलं. अंगदराव धुळीतून पुढं आले आणि भिंतीवरून हात फिरवू लागले. चुलीच्या वर भिंतीत बसवलेली शहाबादी फरशी अजून शाबूत होती. शेजारचा गिलावा तेवढा उडाला होता.

"काका, पाच मिनिटाचं काम हाय. कावून घाबरायलेत?"

"पाच मिनिटात तुकडे व्हतेत. मला ती अख्खी पायजे."

"अन् करायचं काय तिचं?"

ते अंगदरावांनाही ठाऊक नव्हतं. नेकनूरच्या आसपास चाळीस वर्षं त्यांनी गवंडीकाम केलं होतं. हे घरही त्यांच्याच हातचं. बायकोला, वनमालाला, मीठ, चटणी, काडेपेटी ठेवायला जागा हवी म्हणून ही फरशी त्यांनी वीतभर भिंतीत घुसवली होती. गॅस आला तरी ती भाकरी चुलीवरच करायची. गेल्या आषाढात ती गेली. तिची लुगडी बहिणींनी नेली. फक्त तिची म्हणावी अशी हीच एक वस्तू घरात उरली होती.

"मामा, ऱ्हाऊ द्या मग," सून माया दारातून म्हणाली. "ओटा पलीकडच्या भितीला घेऊ."

"तिकडं उजेड न्हाई. ओटा इथंच व्हईल. निस्ती ही नीट निघू दे."

त्यांनी फरशीखाली विटा रचून आधार दिला. सांध्यावर ओलं गोणपाट लावलं आणि थोड्या थोड्या वेळानं पाणी सोडत राहिले. मातीत बसवलेला दगड पाण्यानं सोडवायचा असतो, ठोकून नाही. माती मऊ झाली की ते बोटानं उकरायचे, सांध्यातली दगडाची एखादी चीप काढायचे, पुन्हा पाणी.

दोन तास झाले. सत्यम कंटाळला. "काका, हे तर बाळंतपण झालं."

"तसंच समज. तू गरम पाणी आण."

माया तोंडाला पदर लावून हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

शेवटी फरशी हलली. दोघांनी ती धरून अंगणात आणली, उभी टेकवली. मायानं पाणी ओतलं, काजळी धुतली. पुढच्या कडेला, उजव्या हाताला, चार बोटं बसतील एवढी जागा खोलगट झाली होती. काचेसारखी गुळगुळीत.

"इथं काय घासायची ही?" अंगदरावांनी विचारलं.

"घासत न्हवत्या," माया म्हणाली. "आत्या उठताना तिथं धरायच्या. चुलीपुढून एकदम उठता येत न्हवतं त्यान्ला. गुडघे."

"गुडघ्याचं तर शेवटची दोनच वर्सं व्हतं."

माया हळूच म्हणाली, "मी नांदायला आले तवा बी धरायच्या."

मायाला येऊन अकरा वर्षं झाली होती. अंगदरावांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. नुसत्या हातानं दगड एवढा झिजायला किती वर्षं लागतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. अकरा तर नक्कीच पुरत नाहीत.

"मला कधी बोलली न्हाई."

"तुमी दिसभर दगडं उचलून यायचे. तुमाला काय बोलतेल?"

आतून सत्यमनं हाक मारली. "काका, ओटा आखून घेतो. पावणेतीन फूट."

सगळे ओटे पावणेतीन फुटांचेच असतात. अंगदरावांनी तसले शेकड्यानं बांधले होते, आणि त्यावर कोण उभं राहणार हे एकदाही विचारलं नव्हतं. ते उठले, आत गेले, सत्यमच्या हातातून टेप घेतला.

"माया, इकडं ये. भितीला लागून उभी ऱ्हा. कणीक मळायलीस, असं कर."

"आता? मामा, काहीतरीच तुमचं."

"कर म्हणलं ना."

तिनं लाजत पदर खोचला, हात वाकवले आणि हवेतच कणीक मळली. अंगदरावांनी तिच्या तळहातांखाली भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि खाली टेप लावला.

सत्यम वाकून बघत म्हणाला, "अडीच फूट? लई खाली व्हतंय, काका. लोकं हासतेल."

"लोकं येणार हायत का भाकरी करायला?" ते मायाकडं वळले. "इथं बरं हाय का?"

"हो."

"खरं सांग."

मायानं रेघेवर पुन्हा हात वाकवून बघितले. "जरासं आणखी खाली."

अंगदरावांनी तळहातानं रेघ पुसली आणि गुडघ्यावर बसून दुसरी मारली.