बांधावरची तीन अंडी

मी तणमोराची मादी बोलतेय. दबकून बसणं हा माझा जन्माचा धंदा, पण आज मान वर काढून बोलणार. ऐकायचं तर ऐका.

जामखेडच्या बाजूच्या माळावर, कुसळी गवतात मी जन्मले. कोंबडीएवढा जीव. आमचे नर पावसाळ्यात गवतावर उंच उड्या मारून आम्हाला बोलावतात. आता गवतच नाही, तर उड्या कुठं मारायच्या? माळ नांगरला आणि आमची जात पिकात शिरली.

गेल्या साली मी बिभीषणच्या सोयाबीनमध्ये अंडी घातली. आडोसा झकास होता. पण माणसं तण काढायला पीक कोळपतात, हे मला कुठं ठाऊक! कोळप्याखाली चारही फुटली. मागून खुरपत येणारी त्याची आई, लंकाबाई, फुटकी अंडी बघून खुरपायची थांबली. मी मात्र रडत बसले नाही.

यंदा मी बांध धरला. बिभीषण आणि त्याचा चुलतभाऊ आदिनाथ दर साली नांगराची एकेक ओळ जास्त ओढून मधला बांध कोरायचे. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. निकालापर्यंत बांधालगतच्या सहा हात पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. माणसं भांडली आणि गवत मांडीएवढं वाढलं, नाकतोडे माजले. भाऊबंदकीला खुशाल नावं ठेवा, माझा संसार तिच्यावरच उभा राहिला. तीन अंडी घातली. काठानं जाताना लंकाबाईनं ती पाहिली, अन् गुपचूप निघून गेली.

कुणाची दृष्ट लागली कोण जाणे, भावांचा समेट झाला! पेढे खाऊन दोघं ट्रॅक्टर घेऊन आले, पट्टा नांगरून निम्मा निम्मा करायला. चाक दहा पावलांवर आलं तरी मी हलले नाही.

तेवढ्यात लंकाबाई खुरपं घेऊन आडवी आली.

"आरं थांब! तिच्या पोटाखाली अंडी हायेत. मागल्या साली आपल्याच कोळप्यानं फोडली."

"आई, आता भांडान मिटलंय न्हवं?" बिभीषण वैतागला.

"चार वरसं भांडलाव ना? मग अजून पंधरा दिस भांडा की!"

आदिनाथला हसू आलं. "भांडू, काकू," म्हणत त्यानं ट्रॅक्टरची चावी काढली.

बाराव्या दिवशी तिन्ही अंडी फुटली, पण या खेपेला आतून.

पुढच्या पावसाळ्यात मी येणारच, कुणी बोलवो न बोलवो. तुम्ही गुण्यागोविंदानं नांदा. फक्त त्या सहा हातांपुरतं भांडण मिटवू नका. अन् मिटवलंतच, तर मी आहे भांडायला.