बिनकठड्याची गच्ची

देवपुरातल्या त्या नव्या कॉलनीत निम्मी घरं कायमची अर्धवट होती. आत टाइल्स, रंग, झुंबर. बाहेर उघड्या विटा आणि गच्चीला कठडा नाही. योगराजचं घर त्यातलंच. वास्तुशांत होऊन वर्षं लोटली, तरी कुणी विचारलं की तो डोळा मिचकावून म्हणे, "काम चालू आहे! पूर्ण झालं की घरपट्टी मागे लागते, भाऊ."

"गच्चीच्या कडेला जायची भीती वाटते हो," त्याची बायको नूतन म्हणायची. "तेवढा कठडा तरी बांधा."

"अन् त्याची पट्टी तुझा बाप भरेल का? अमळनेरहून पाठवायला सांग!"

नूतन कामाला लागे. समोरच्या घरातले रतिलाल नाना मात्र विषय सोडणारे नव्हते. जन्म शाळेत शिकवण्यात गेला होता. समजावताना ते कधी थकत नसत.

"योगराज, पट्टी कशावर बसस, ठाऊक शे का तुले?"

"सगळ्यांना ठाऊक आहे, नाना. घर पूर्ण झालं की बसते."

"बठ्ठा लोक म्हणतस म्हणीसन ते खरं व्हस का रे? घर किती मोठं, बांधकाम कसं, राहायला आहे की दुकानाला, यावरून पट्टी ठरते. महापालिकेत जाऊन दर विचार. मी येस ना संगे!"

"वा नाना! आपणच जाऊन सांगायचं, या, आमचं घर मोजा?"

उन्हाळा आला. बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घालायचे म्हणून नूतनने सकाळीच ज्वारीचं पीठ शिजवलं, पातेलं गच्चीवर नेलं. जुनं लुगडं अंथरायला तिने योगराजला हाक मारली. तो आला. एका हातात लुगड्याचं टोक, दुसऱ्या हातात मोबाइल.

"सुरकुत्या पडताहेत," मान वर न करता तो म्हणाला. "ताण ना! सर मागे... अजून मागे!"

नूतन मागे सरली.

लुगड्याला एकदम हिसका बसला आणि टोक त्याच्या हातातून निसटलं. खाली बांधकामातून उरलेल्या विटांचा ढीग होता. ती त्यावर पडली.

जीव वाचला. कमरेखालचं अंग गेलं. पुन्हा उभं राहता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

घरी आणल्यावर नूतन एकच वाक्य बोलली. "आता तरी विचारून या. मी कशापायी पडले, ते मला कळू द्या."

नाना त्याला महापालिकेत घेऊन गेले. कर विभागातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "घर अर्धवट असलं तरी तुम्ही राहायला आलात की पट्टी लागू होते. तुमची मागची थकबाकीसुद्धा निघेल."

"आणि कठडा?" योगराजने विचारलं. "कठडा बांधला, तर किती वाढते?"

"कठड्याला कसली पट्टी?" बाई गोंधळल्या. "पट्टी घराच्या क्षेत्रफळावर असते. कठडा त्यात धरतच नाहीत."

एक पैसाही नाही! योगराजने टेबलाची कड घट्ट धरली. नानांनी त्याला हाताला धरून घरी आणलं.

"किती लागली असती?" नूतनने विचारलं.

"काहीच नाही."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. कुशीवर वळायला तिला आता दुसऱ्याचा हात लागत होता.

योगराजने थकबाकी भरली, गवंडी लावला. मग 'कठडा बांधा' म्हणत तो कॉलनीत दारोदार फिरू लागला. शेजारचा कुंदन हसून म्हणाला, "कठडा बांधला की पट्टी वाढते ना, भाऊ?"

योगराजने त्याचं मनगट धरलं. "आधी माझ्या घरी चल. हे नूतनच्या तोंडावर विचार!"

नागरिकहो, आपल्या घराला पट्टी कोणत्या दराने आणि कशावर लागते, हे कार्यालयात जाऊन विचारा. ते आपण विचारलं नाही, तर शेजाऱ्याची अफवाच आपला कायदा होऊन बसते. आणि तिचा दंड बहुधा घरातलं तेच माणूस भरतं, ज्याचं कुणी कधी ऐकलेलं नसतं.